ईस्टमन म्युझियम, रॉचेस्टर: एका स्टुडिओवाल्याच्या नजरेतून

34 वर्षं मी फोटो स्टुडिओ चालवला. अमेरिकेत मुलीकडे गेलो तेव्हा तिने नायगाराची तिकिटं काढायची तयारी चालवली होती. म्हटलं, पाणी नंतर, आधी रॉचेस्टर.

कोडॅकवाल्या जॉर्ज ईस्टमनचा हा बंगला. 1949 पासून इथे फोटोग्राफी आणि सिनेमाचं संग्रहालय आहे. बहुतेक मंडळी बंगल्यातच रमतात: भिंतीवर हत्तीचं डोकं, मालक न्याहारी करताना वाजवला जायचा तो अवाढव्य ऑर्गन. शिवाय दालन लहान वाटतं म्हणून 1919 मध्ये घर मधोमध कापून मागचा भाग नऊ फुटांवर सरकवला, ती कथा. मी वीस मिनिटांत तिथून निघालो. श्रीमंतांची घरं बघायला थोडाच आलो होतो!

थबकलो ते 1888 च्या कोडॅक कॅमेऱ्यापाशी. 25 डॉलरचा साधा डबा, आत 100 फोटोंचा रोल. रोल संपला की अख्खा कॅमेराच कारखान्यात पाठवायचा. ते धुऊन, कॉप्या काढून, नवा रोल भरून परत धाडायचे. ‘बटण तुम्ही दाबा, बाकी आम्ही बघतो’ ही त्यांची जाहिरात. गिऱ्हाइकाने रोल आणून टाकायचा आणि आम्ही धुवायचा, हा आमचा सगळा धंदा त्या डब्यातून निघाला. त्याच्यासमोर उभं राहून मी फोटो काढून घेतला. मोबाईलवर. मुलगी का हसतेय ते मला जरा उशिरा कळलं.

पण या जागेचं खरं काम बघायचं तर शेजारचं ड्रायडन थिएटर. नायट्रेटची फिल्म, म्हणजे जुन्या सिनेमांची ती चटकन पेट घेणारी पट्टी, जिथे अजून दाखवता येते अशी थिएटरं जगात मोजकीच, त्यातलं हे एक. नायट्रेट स्वतःच्या पोटात ऑक्सिजन घेऊन जळते, पाण्यात बुडवली तरी विझत नाही. 1978 मध्ये याच संग्रहालयात आग लागून 329 चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह गेल्या. तरीही 2015 पासून ते या फिल्मचा महोत्सव भरवतात. आमची भेट नेमकी त्याच दिवसांतली (खरं तर मुलीने साधलेली).

कार्यक्रमपत्रिका उघडली आणि मी खूश. प्रत्येक प्रिंटपुढे ती किती टक्के आक्रसली आहे तो आकडा! नट-नट्यांची नावं कुणीही छापेल. फिल्म आक्रसली की कडेची भोकं प्रोजेक्टरच्या दात्यांवर नीट बसत नाहीत, फाटायची भीती. म्हणून खेळाआधी तिचं सगळं अंग तपासावं लागतं. हे काम शिकवणारी शाळाही त्यांनी 1996 पासून चालवली आहे.

आणि पडद्यावर? काळा रंग असा की त्यात हात घालावासा वाटावा. कृष्णधवलमध्ये नटीच्या कानातली कुडी चमकली तेव्हा मी मुलीचा हात दाबला. असा काळा कागदावर उतरावा म्हणून मी डेव्हलपरशी, म्हणजे फोटो धुवायच्या रसायनाशी, काय कमी झटापट केली होती? तिचं मत विचाराल तर, ‘छान आहे, पण दोन सिनेमे पुरे.’ आम्ही चार पाहिले.

नायट्रेट गेली आणि अॅसिटेटची फिल्म आली. ती भडकत नाही, पण सडली की व्हिनेगरसारखा वास सुटतो. म्हणून यांचा सगळा भर साठवणुकीवर, थंड आणि कोरड्या कोठारांवर. हे वाचताना माझ्या ट्रंका आठवल्या. गावातल्या कितीतरी लग्नांच्या निगेटिव्ह, पोटमाळ्यावर, तापल्या पत्र्याखाली. आंबूस वास यायचा. मी समजत होतो, उंदीर मेला असेल.

सोमवारी जाऊ नका, बंद असतं. महोत्सवाला गेलात तर शेवटचा खेळ चुकवू नका. कोणता सिनेमा आहे हे नामावली पडद्यावर येईपर्यंत कळू देत नाहीत.