मेंदूतली गाठ: ३ टेस्ला पुरे की ७ टेस्लाच हवा?

मेंदूत गाठ निघाली की घरातलं कुणीतरी विचारतंच, "याहून भारी मशीनवर एमआरआय होत नाही का?" होतो. टेस्ला म्हणजे मशीनच्या चुंबकाची ताकद मोजायचं एकक. अमेरिकेत औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१७ मध्ये ७ टेस्ला मशीनला डोकं आणि हातपाय तपासायला मान्यता दिली. तरी बहुतेक रुग्णांना ३ टेस्लावर नीट काढलेला एमआरआय पुरतो, असं माझं ठाम मत आहे.

७ टेस्लाची खरी गरज पडते ती कुशिंग आजारात, म्हणजे पिट्युटरी या मेंदूखालच्या छोट्या ग्रंथीतल्या गाठीमुळे शरीरात कॉर्टिसोल हे संप्रेरक वाढतं तेव्हा. रक्ततपासणी सांगते की पिट्युटरीत गाठ आहे, पण ३ टेस्लावर ग्रंथीत काहीच सापडत नाही. गाठ असते जेमतेम दोन-तीन मिलिमीटरची. चुंबक जोरदार असला की सिग्नल वाढतो, अर्ध्या मिलिमीटरहून बारीक तपशील टिपता येतो, आणि अशी लपलेली गाठ कधीकधी सापडते. ग्रंथीच्या उजव्या बाजूला जायचं की डाव्या, हे सर्जनला आधीच कळणं केवढं मोलाचं!

ग्लायोमात, म्हणजे मेंदूच्याच आधारपेशींतून वाढणाऱ्या गाठीत, फायदा आहे, पण मर्यादित. गाठीतल्या बारीक रक्तवाहिन्या आणि रक्तस्रावाचे ठिपके ७ टेस्लावर जास्त स्पष्ट दिसतात. बायोप्सी, म्हणजे गाठीचा तुकडा काढून तपासणं, मात्र टळत नाही. ग्लायोब्लास्टोमा या सर्वात आक्रमक ग्लायोमाच्या पेशी तर दिसणाऱ्या कडेच्याही पुढे पसरलेल्या असतात. त्यांचा शेवट हेही मशीन दाखवत नाही.

आता दुसरी बाजू. ३ टेस्लाला रेडिओलहरी सुमारे १२८ मेगाहर्ट्झच्या लागतात, ७ टेस्लाला जवळपास ३०० च्या. या लहरींची लांबी मेंदूत शिरल्यावर डोक्याच्या आकाराहून आखूड होते, त्यामुळे चित्र सगळीकडे सारखं उजळत नाही. कानामागचा लहान मेंदू आणि कानाजवळच्या टेम्पोरल भागाचा तळ काळवंडतो. गाठ तिथेच असेल तर ३ टेस्लाचं चित्र सरस ठरू शकतं. सायनसजवळ चित्र वेडंवाकडं होतं. आत सरकताना काहींना गरगरतं, तोंडात धातूची चव येते. शिवाय इतक्या बारकाव्यात जराशी हालचालही चित्र पुसट करते.

ऑपरेशननंतर गाठ वाढली का हे पाहायचं असेल, तर आधीच्याच ताकदीच्या मशीनवर, त्याच पद्धतीने तपासणी करा. नाहीतर फरक गाठीतला की मशीनमधला, हे ठरवताना डॉक्टरांचीच पंचाईत होते.

डॉक्टरांना एकच विचारा: "३ टेस्लावर नेमकं काय कळलं नाही?" उत्तर नेमकं मिळालं तर ७ टेस्लासाठी जरूर धडपडा. जाताना ऑपरेशनचे कागद सोबत न्या. डोक्यात प्लेट, क्लिप किंवा शंट (मेंदूतलं साचलेलं पाणी काढणारी नळी) असेल, तर '३ टेस्लाला चालेल' हा शेरा ७ टेस्लाला लागू होत नाही.