वस्तीच्या गाडीवर नर्सची ड्युटी: रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एसटीबद्दल

नर्सच्या नोकरीची जाहिरात दिसली की घरात पहिला प्रश्न पगाराचा आणि दुसरा अंतराचा येतो. अंतराचा प्रश्न बहुतेक वेळा चुकीचा विचारला जातो. 'किती किलोमीटर?' असं विचारून कोकणात काही कळत नाही. 'शेवटची गाडी कितीला?' हे विचारा. बहुतेक गावांत त्याचं उत्तर एकच असतं: एसटीची वस्तीची गाडी. म्हणून रोज ये-जा करणाऱ्या सिस्टरच्या दृष्टीने ही गाडी कशी आहे, ते इथे मांडलं आहे.

वस्तीची गाडी संध्याकाळी तालुक्याच्या आगारातून सुटते, रात्री गावात मुक्काम करते आणि पहाटे साडेपाच-सहाला परत निघते. मॉर्निंग ड्युटीला तिच्यासारखी गाडी नाही. चालक-वाहक गावातच झोपलेले असतात, त्यामुळे आधीच्या फेरीचा उशीर या फेरीला चिकटत नाही. दिवसातली सगळ्यात वेळेवर सुटणारी फेरी हीच. आतल्या रस्त्याने, प्रत्येक तिठ्यावर थांबत 30 किलोमीटरला सव्वा तास धरा. सहाची गाडी सव्वासातला स्टँडवर येते. पाऊण तासात चहा, कपडे बदलणं आणि आठला ओव्हर, म्हणजे आधीच्या पाळीकडून पेशंटची माहिती आणि जबाबदारी, घेणं आरामात जमतं.

नाइटलाही गाडी साथ देते. संध्याकाळी पाच-साडेपाचला गावातून तालुक्याला जाणारी फेरी मिळते, आठच्या आधी तास-दीड तास मोकळा राहतो. सकाळी ओव्हर देऊन साडेआठला बाहेर पडलं की परतीच्या गाड्या असतातच. तीन नाइट सलग लावून मग ऑफ देणारा वॉर्ड असेल, तर लांबच्या नर्ससाठी ती सगळ्यात सोयीची पाळी ठरते.

गाडी हरते ती इव्हनिंगला. ड्युटी दुपारी 2 ते 8. ओव्हर, औषधांच्या नोंदी आणि एखादी ऐनवेळची भरती धरली तर सुटायला सव्वाआठ-साडेआठ होतात. तोवर वस्तीची गाडी, जी बहुतेक ठिकाणी सात-साडेसातच्या आसपास असते, निम्म्या वाटेवर गेलेली असते. खासगी रुग्णालयांतल्या सकाळी आठ ते रात्री आठ या बारा तासांच्या ड्युटीलाही हेच लागू. यावर काही ठिकाणी इव्हनिंगला जोडून नाइट घ्यायची वाट काढतात, म्हणजे दुपारी दोन ते सकाळी आठ, सलग अठरा तास. ती कधीही स्वीकारू नका. पहाटे चारला इंजेक्शनचा डोस मोजणारे हात तेव्हा चौदा तास राबलेले असतात आणि चूक झाली तर तिची किंमत पेशंट मोजतो. मुलाखतीतच विचारा: महिन्यात इव्हनिंग किती, त्या बदलून मिळतात का, आणि गाडी चुकली तर रात्री झोपायला खोली आहे का. खोली म्हणजे कडी लागणारं दार आणि पलंग. वॉर्डातला रिकामा बेड ही खोली नव्हे.

खर्चात एसटीला तोड नाही. एसटीचं भाडं टप्प्यावर ठरतं. टप्पा 6 किलोमीटरचा आणि जानेवारी 2025 च्या भाडेवाढीपासून साध्या गाडीला टप्प्यामागे 10 रुपये 5 पैसे. म्हणजे 30 किलोमीटरला पन्नासच्या घरात. मार्च 2023 पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे पंचवीसेक रुपये. जाऊन-येऊन पन्नास, 26 ड्युट्यांचे तेराशे. हेच अंतर स्कूटरने केलं तर महिन्याला 1,560 किलोमीटर होतात. लिटरला 45 चं अॅव्हरेज आणि 105 रुपयांचं पेट्रोल धरलं तरी साडेतीन हजारांवर जातात, ऑइल, ब्रेक शू आणि टायर वेगळे. कंत्राटी पगार वीस हजार असेल तर हा फरक मोठा आहे.

पासाची सवय असलेल्यांनी एक हिशोब पुन्हा करावा. पूर्ण दराच्या मासिक पासाला 20 दिवसांचं भाडं भरून 30 दिवस प्रवास मिळतो. पूर्वी तो फायद्याचा होता. आता अर्ध्या तिकिटाने 26 दिवस गेलात तर 13 दिवसांचंच भाडं पडतं. सिस्टरनी रोजचं तिकीट काढावं. ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, मात्र पास अजूनही परवडतो. सावंतवाडी-बांद्याहून गोव्यात नोकरीला जाणाऱ्यांनी लक्षात ठेवावं, की अर्ध्या तिकिटाची सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपर्यंतच आहे.

कणकवली, ओरोस, कुडाळ, सावंतवाडी ही मुंबई-गोवा महामार्गाने जोडलेली रांग वेगळी. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात ड्युटी आणि घर यातल्या कुठल्याही गावात स्टँडजवळ असेल तर बिनधास्त नोकरी घ्या. लांब पल्ल्याच्या गाड्या येत-जात असतात आणि एक चुकली तरी दिवस बुडत नाही. पण घर महामार्गापासून सात-आठ किलोमीटर आत असेल तर हीच नोकरी अवघड होते. रात्री नऊला तिठ्यावर उतरल्यावर वाडीपर्यंत कोण नेणार, हे आधी ठरवा. महामार्गावरच्या 35 किलोमीटरपेक्षा हे शेवटचे सात जड जातात.

रेल्वेवर ड्युटी बांधू नये. रोहा ते वीर सोडलं तर बराचसा मार्ग एकेरी आहे आणि क्रॉसिंगला पॅसेंजरच थांबते. पावसाळी वेळापत्रकात वेळा बदलतात. स्टेशनंही गावाबाहेर: रत्नागिरीचं कुवारबावला, सावंतवाडीचं मळगावला. रिक्षाचे पैसे धरले तर बचत संपते.

दाभोळ-धोपावे फेरीबोट मात्र मनापासून सुचवावी अशी आहे. दापोलीहून गुहागरला खेड-चिपळूणमार्गे शंभरावर किलोमीटर पडतात, बोटीने पन्नासच्या आत. अट एकच: दुचाकी बोटीत घालून न्यावी, कारण धोपाव्याच्या धक्क्यावर ड्युटीच्या वेळेला जुळणारी गाडी मिळेल हा भरवसा नसतो. आणि ही सोय फक्त दिवसाच्या ड्युटीला.

एसटी कधी दगा देते, तेही ठरलेलं आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत शाळांना सुट्टी लागली की शाळेसाठीच्या फेऱ्या बंद होतात, आणि दुपारच्या ड्युटीला जाणारी गाडी नेमकी त्यातलीच असते. गौरी-गणपतीत चाकरमान्यांना मुंबईला सोडायला आगारातल्या गाड्या जातात आणि गावातल्या फेऱ्या कापल्या जातात. त्या आठवड्याचं रोस्टर पंधरा दिवस आधी इन्चार्ज सिस्टरशी बोलून मॉर्निंग-नाइटवर घ्या. घाट बंद होण्याचा प्रकारही विसरू नये: 2022 च्या एप्रिल-मेमध्ये कामासाठी परशुराम घाट रोज दुपारी 12 ते 5 बंद होता. खेडहून चिपळूणला दोनच्या ड्युटीला यायचं तर बाराच्या आत घाट उतरणं भाग होतं.

वेळ बदलून मिळू शकते, आणि त्यासाठी फार कमी जण प्रयत्न करतात. वस्तीची गाडी साडेसातऐवजी पावणेनऊला सोडा, असा अर्ज आगार व्यवस्थापकाच्या नावे करावा. सोबत ग्रामपंचायतीचा ठराव, रुग्णालयाचं पाळ्यांच्या वेळांचं पत्र आणि त्या मार्गावरच्या दुकानांत, पेट्रोल पंपांवर काम करणाऱ्यांच्या सह्या जोडाव्यात. एकट्या नर्सच्या अर्जावर फेरी हलत नाही. रोजची पंधरा-वीस तिकिटं दिसली तर हलते. अर्जाची पोच घ्या आणि जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी द्या, तेव्हा वेळापत्रकं नव्याने बसवली जात असतात.