आजीची ठुशी कस्टम्सने ठेवून घेतली तर: कलम 80 च्या सोयीचं परीक्षण

न्यू जर्सी, लंडन किंवा दुबईहून लग्नकार्याला मुंबईत उतरणाऱ्या अनेकांना ही सोय माहीतच नसते. बॅगेत शुल्क लागणारी किंवा आयातीला मनाई असलेली वस्तू आहे आणि ती प्रवाशाने आपणहून, खरीखरी जाहीर केली आहे, अशा वेळी शुल्क न भरता ती कस्टम्सकडे ठेवता येते आणि देश सोडताना परत घेता येते. कस्टम्स कायदा, 1962 मधलं हे कलम 80. आजीची ठुशी किंवा सासूबाईंच्या पाटल्या वर्षानुवर्षं परदेशात असतात, भाचीच्या लग्नात घालायच्या म्हणून इकडे येतात आणि पुन्हा परत जायच्या असतात. अशा दागिन्यांवर शुल्क भरण्यात काहीच अर्थ नसतो.

रेड चॅनलने, म्हणजे शुल्काच्या वस्तू जाहीर करणाऱ्यांच्या वाटेने, जाऊन जाहीर करणाऱ्यासाठी या सोयीला पाचपैकी चार गुण. ग्रीन चॅनलमधून, म्हणजे 'जाहीर करण्यासारखं काही नाही' म्हणणाऱ्यांच्या वाटेने, निघालात आणि तिथे अडवलं गेलं, तर शून्य, कारण मग कलम 80 लागू करून घेणं जवळपास अशक्य होतं. प्रकरण जप्तीच्या वाटेला लागतं आणि त्या वाटेचा हिशेबच वेगळा आहे. 'अंगावर घातलेलं होतं, लपवलं नव्हतं' हा युक्तिवाद अगदीच फुकट जात नाही. परदेशी प्रवाशाच्या वापरातल्या दागिन्यांना सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये वैयक्तिक वापराच्या वस्तू मानलं होतं. पण तो मुद्दा कामी येतो अपिलात, काउंटरवर नव्हे.

वर्षाहून जास्त काळ परदेशात राहून येणाऱ्यांपैकी स्त्रीला 40 ग्रॅम आणि इतरांना 20 ग्रॅमपर्यंतचे दागिने शुल्काशिवाय आणता येतात. 2026 च्या बॅगेज नियमांनी यातली रुपयांची जुनी मर्यादा काढून टाकली. वजन त्याहून जास्त भरत असेल, तर विमानात बसण्याआधीच कस्टम्सच्या 'अतिथी' अ‍ॅपवर घोषणा भरून ठेवावी.

आता पावती. या सेवेची सगळी मदार डिटेन्शन रिसीटवर, म्हणजे वस्तू ठेवून घेतल्याच्या पावतीवर आहे आणि लोक नेमकी तीच न वाचता घडी घालून पाकिटात ठेवतात. कस्टम्सच्या कागदांची सवय म्हणजे 'पिवळ्या धातूची एक साखळी' असं मोघम वर्णन. तेवढ्यावर तुमची ठुशी आणि दुसऱ्या कुणाची चेन यांत फरक करायचा कसा? प्रत्येक नगाचं नाव, एकूण वजन, पेट्यांची किंवा मण्यांची संख्या, फासा कसला आहे, मागे कोरलेली अक्षरं असल्यास ती, कुठे डाग दिलेला असल्यास तोही, हे सगळं लिहून घ्यायला सांगा. पावती आधीच छापली गेली असेल, तर त्याच दिवशी फोटो जोडून लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. बोरमाळेसारख्या जुन्या दागिन्यांत पोकळ मण्यांत लाख भरलेली असते, त्यामुळे काट्यावरचं वजन आणि सोन्याचं वजन यांत बरीच तफावत येते. पावतीवर दोन्ही हवीत, नाहीतर मूल्यांकन लाखेसकट होतं. कस लावायचा असेल तर कसोटीच्या दगडावर, मागच्या बाजूने, एवढी विनंती अवश्य करावी.

आणखी एक शब्द नीट बघा: पावतीवर कलम 80 आणि 'परत नेण्यासाठी' असा उल्लेख आहे की नाही. नुसतं 'डिटेन्ड' लिहिलं असेल, तर पुढे ही वस्तू जप्तीतली की ठेवीतली यावर वाद होऊ शकतो.

परत घेण्याची बाजू जरा कटकटीची आहे आणि पाचातला एक गुण इथेच कापला गेला. वस्तू ज्या विमानतळावर ठेवली, तिथूनच परतीचं तिकीट काढा. मुंबईत ठेवून दिल्लीहून उडणाऱ्याला ती वेळेत मिळवणं अवघड. निघण्याच्या काही दिवस आधी पावतीचा क्रमांक, पासपोर्टची प्रत आणि विमानाचा तपशील लेखी कळवा, कारण मौल्यवान वस्तू स्ट्राँगरूममधून काढायला अधिकारी हजर लागतो. मध्यरात्रीच्या विमानांसाठी तर हे फारच महत्त्वाचं. वस्तू परत नेण्याच्या अटीवर मिळते, त्यामुळे ती चेक-इन सामानात टाकता येईल असं धरून चालू नका. हँडबॅगेत जागा ठेवा. सही करण्याआधी पावतीशी नग पडताळून वजन करून घ्या.

निघताना घ्यायला जमलंच नाही, तर कलमातच दोन पर्याय दिले आहेत: तुम्ही अधिकार दिलेला, परदेशी निघालेला दुसरा प्रवासी किंवा तुमच्या नावाने कार्गो. सोन्यासाठी आमची पसंती पहिल्याला. अधिकारपत्र परदेशात केलं असेल, तर अमेरिका-इंग्लंडहून अपोस्टिल (कागद खरा असल्याचा तिथल्या सरकारचा दाखला) आणि दुबईहून भारतीय वाणिज्य दूतावासाचं साक्षांकन घ्या. मुखत्यारपत्र असल्यास ते महाराष्ट्रात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत मुद्रांक लावून घ्यावं लागतं.

जप्तीच्या वाटेला लागलेल्यांसाठी थोडं. समोर ठेवलेल्या छापील कागदांत 'मला कारणे दाखवा नोटीस नको, सुनावणी नको' असा मजकूर असतो. दमलेला प्रवासी सही करून मोकळा होतो. हक्क सोडल्याची अशी छापील कबुली ग्राह्य नाही, असं दिल्ली उच्च न्यायालयाने 2025 मध्ये बजावलं आहे. तरी सही न करणंच बरं. जप्तीपासून सहा महिन्यांत नोटीस यायला हवी. कारणं नोंदवून ही मुदत आणखी सहा महिने वाढवता येते.

सुनावणीत दंड भरून सोडवण्याची मागणी करताना 'पुन्हा निर्यातीसाठी' हे शब्द घाला, म्हणजे शुल्काचा मुद्दा वेगळा मांडता येतो. दंडाचा पर्याय मिळाला, तर तो 120 दिवसांत भरा. अपील चालू नसेल तर नंतर तो पर्यायच रद्द होतो. आदेश विरुद्ध गेला, तर 60 दिवसांत आयुक्त (अपील), त्यानंतर तीन महिन्यांत केंद्र सरकारकडे पुनरीक्षण अर्ज. बॅगेजची प्रकरणं कस्टम्सच्या अपिलांच्या न्यायाधिकरणाकडे जात नाहीत, हे न कळल्यामुळे तिथे अर्ज लावून मुदत घालवणारे असतात.

आणि आठवणीची वस्तू असेल, तर पहिल्याच अर्जात 'विल्हेवाट लावू नये' अशी स्वतंत्र ओळ हवी. सोनं लवकर विल्हेवाट लावता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत आहे. केस जिंकल्यावर पैसे हातात पडले आणि ठुशी आधीच वितळून गेली, तर त्या जिंकण्याचं करायचं काय?

एक बारकावा: 'पणजीची आहे' म्हणून अर्जात सहज 'शंभर वर्षं जुनी' लिहून टाकू नका. शंभर वर्षांची वस्तू 1972 च्या कायद्याने पुरातन ठरू शकते आणि मग बाहेर नेताना पुरातत्त्व खात्याचा प्रश्न उभा राहतो. खरोखरच तेवढी जुनी असेल, तर ती मूळची कुठली आणि बाहेर कधी गेली याचे कागद आधी गोळा करा.

उलट्या दिशेने, म्हणजे पुण्याहून मुलाकडे बॉस्टनला निघालेल्या आईने पाटल्या घालून जायच्या असतील, तर परत आणताना शुल्काचा प्रश्न येऊ नये म्हणून निघतानाच कस्टम्सकडून एक्सपोर्ट सर्टिफिकेट घ्यावं. सरकारमान्य मूल्यमापकाचा दाखला आणि दोन्ही बाजूंचे फोटो जवळ असू द्यावेत. चेक-इनच्या आधी तासभर जास्तीचा धरा, कारण अधिकारी दागिने प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सही करत नाहीत.