कल्ल्यांवर पांढरा झुपका: मिठाचं पाणी, मिथिलीन ब्लू की थेट डॉक्टर?

ॲक्सोलॉटल या पाण्यात राहणाऱ्या उभयचराच्या कल्ल्यावर कापसासारखं काही दिसलं की जीव घाबरा होतो आणि हाताशी असेल ते औषध टाकीत पडतं. त्याआधी पाच मिनिटं टाकीसमोर बसा. हा प्राणी अधूनमधून कल्ले झटकतो. कचरा अडकला असेल तर दोन-चार झटक्यांत निघून जातो. बुरशी निघत नाही. तिचे तंतू मुळाशी घट्ट असतात, टोकं मात्र पाण्यात डुलत राहतात. नुसते फिकट कल्ले म्हणजे आजार नव्हे. प्राणी निवांत असला की रंग उतरतो, हालचाल वाढली की लाली परत येते.

खरी गल्लत होते ती बुरशी आणि कॉलम्नॅरिस या जिवाणूच्या बाबतीत. बुरशीचा झुपका पांढरा, फुगीर, भोवतालचा कल्ला बराचसा शाबूत. जिवाणूचा थर बहुधा चपटा, करडा किंवा पिवळट, आणि त्याखालचा कल्ला झिजत चाललेला. उबदार पाण्यात तो झपाट्याने पसरतो.

उपाय कुठलाही निवडा, प्राणी आधी वेगळ्या डब्यात हलवा. क्लोरीन काढलेलं, टाकीइतक्याच तापमानाचं पाणी रोज पूर्ण बदला. मूळ टाकीतलं पाणी तपासा: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तापमान 16 ते 18 अंश. पाणी बिघडलेलं असेल तर झुपका गेला तरी आठवड्याभरात पुन्हा येतो.

छोट्या, ताज्या झुपक्याला मी मिठाचं पाणीच देते. आयोडीन नसलेलं साधं मीठ, एका लिटरला 2 ते 3 चहाचे चमचे, आधी पूर्ण विरघळवून. प्राण्याला त्यात 10 मिनिटं ठेवायचं, फार तर 15, दिवसातून एकदा किंवा दोनदा. घड्याळ समोर ठेवाच, कारण जास्त वेळ ठेवलं तर कातडी आणि कल्ले दोन्ही भाजतात. तो धडपडू लागला तर वेळ न बघता बाहेर काढा. दोन-तीन दिवसांत झुपका सुकल्यासारखा होऊन गळून पडतो.

मिथिलीन ब्लू हे बुरशीवरचं निळं औषध सौम्य आहे, प्राण्याला धडपडायला लावत नाही. मीठ सोसणार नाही अशा अशक्त किंवा लहान पिल्लासाठी मला तेच बरं वाटतं. बाटलीवर माशांसाठी लिहिलेल्या मात्रेच्या निम्म्याने सुरुवात करा, आणि फक्त डब्यात. टाकीत गेलं तर अमोनिया पचवणारे उपयोगी जिवाणू मरतात, म्हणजे नवं संकट. मीठ आणि हे औषध एकत्र वापरू नका. मॅलकाइट ग्रीन आणि तांबं असलेली माशांची औषधं तर लांबच ठेवा. उभयचरांची कातडी सगळं शोषून घेते.

काळ्या चहाचं पाणी अनेक जण सुचवतात. त्यातल्या टॅनिनचा थोडा उपयोग होतो, पण वाढलेल्या झुपक्यावर त्याच्या भरवशावर दिवस घालवू नये.

कल्ला झिजतोय, अंगावर लाल चट्टे आहेत, खाणं बंद झालंय, किंवा तीन-चार दिवस मीठ देऊनही झुपका वाढतोच आहे, तर घरगुती उपाय थांबवा. अशा वेळी प्रतिजैविक लागू शकतं, आणि ते उभयचर जाणणाऱ्या पशुवैद्याने वजन करून ठरवायचं असतं. कल्ल्याच्या तंतूंचं मात्र फार मनाला लावून घेऊ नका. पाणी नीट राहिलं तर काही आठवड्यांत ते पुन्हा फुटतात, आधी ठेंगणे आणि विरळ, मग हळूहळू दाट.