बातमीपत्र, विषयवार पॉडकास्ट की दीर्घ संवाद? ऐकून जगाची खबर ठेवू पाहणाऱ्यांसाठी एक तुलना

आकाशवाणीच्या पुणे केंद्राचे प्रादेशिक बातमीपत्र सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी सुरू होते आणि दहा मिनिटांत संपते. पुण्याहून डेक्कन क्वीन सुटते ती सव्वासातला. मुंबईला जायचे असते त्या दिवशी मी जागेवर बसून इअरफोन लावतो, आणि शेवटच्या ठळक बातम्या कानावर पडत असतानाच गाडी हलते. पुढचे तीन तास दहा मिनिटे काय ऐकायचे, हा प्रश्न मी गेली काही वर्षे मनापासून सोडवत आलो आहे. वृत्तवाहिन्यांचा आरडाओरडा नकोसा झालेल्या, वर्तमानपत्र नीट वाचायला सवड न मिळणाऱ्या, तरीही भोवतालाशी नाते तुटू नये असे वाटणाऱ्या अनेकांपुढे हाच प्रश्न असतो. पॉडकास्टकडे वळावे का, आणि वळायचे तर कोणत्या, हे ठरवू पाहणाऱ्यांसाठी ही तुलना आहे.

निवडीची सुरुवात ‘सगळ्यात चांगला कार्यक्रम कोणता’ या प्रश्नाने करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बातमी कळणे, बातमी समजणे आणि एखाद्या सांस्कृतिक विषयात मुरणे ही तीन निरनिराळी कामे आहेत. पहिल्यासाठी बातमीपत्र, दुसऱ्यासाठी रोज एकदोन विषय उलगडणारा पॉडकास्ट आणि तिसऱ्यासाठी दीर्घ संवाद, असे तीन प्रकार आज आपल्याला उपलब्ध आहेत. पॉडकास्ट ऐकून पाहिले आणि सोडून दिले असे सांगणारे जे लोक मला भेटले, त्यांतल्या बहुतेकांनी एका प्रकाराकडून दुसऱ्याच्या कामाची अपेक्षा धरली होती.

दहा मिनिटांचे बातमीपत्र

बातमीपत्राचा सर्वांत मोठा गुण म्हणजे ते संपते. फोनवरच्या बातम्यांना तळ नसतो. बातमीपत्राला आरंभ असतो, मध्य असतो, आणि ठळक बातम्या पुन्हा सांगून झाल्या की ऐकणारा मोकळा होतो. सुधा नरवणे यांच्या आवाजात पुणे केंद्राच्या बातम्या ऐकत ज्यांची शाळेची तयारी झाली, त्यांना ही शिस्त वेगळी समजावून सांगण्याची गरज नाही. शब्दांचे उच्चार स्वच्छ, वाक्ये ऐकण्यासाठीच लिहिलेली, आणि गावांची नावे त्या गावातले लोक घेतात तशी घेतलेली, ही या प्रकाराची मिळकत आहे. शिवाय या बातम्या आता ठरावीक वेळेलाच ऐकायला हव्यात असे नाही. आकाशवाणीच्या संकेतस्थळावर प्रादेशिक बातमीपत्रांची ध्वनिमुद्रणे आणि मजकूर मिळतात, त्यामुळे लंडनमध्ये किंवा न्यू जर्सीत राहणारा मराठी माणूससुद्धा त्यांचा पॉडकास्टसारखाच उपयोग करू शकतो.

मर्यादाही तितक्याच ठळक आहेत. आकाशवाणी ही सार्वजनिक प्रसारणसंस्था असली तरी तिच्या बातम्यांत सरकारी घोषणांना मिळणारी जागा मोठी आणि सरकारला विचारलेल्या प्रश्नांना मिळणारी जागा लहान असते. भारतात खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. जानेवारी 2019 पासून त्यांना आकाशवाणीची बातमीपत्रे तेवढी पुढे प्रसारित करता येऊ लागली. म्हणजे आपल्याकडे रेडिओवरची बातमी एकाच झऱ्यातून येते. इतर देशांत पॉडकास्ट ही रेडिओला जोड असेल, पण आपल्याकडे कानांनी ऐकण्याच्या बातमीला दुसरा स्रोत मिळाला तो इंटरनेटवरच, आणि मला पॉडकास्ट महत्त्वाचे वाटतात त्याचे पहिले कारण हे आहे.

एका शनिवारचा दाखला

बातमी कळणे आणि समजणे यांतला फरक मला 23 नोव्हेंबर 2019 या दिवशी पुरता उमगला. आदल्या संध्याकाळी मुख्यमंत्रिपदासाठी उद्धव ठाकरे यांच्या नावावर एकमत झाल्याचे शरद पवार यांनी सांगितले होते आणि सकाळची वर्तमानपत्रे तीच बातमी घेऊन दारात पडली होती. पहाटे 5 वाजून 47 मिनिटांनी राष्ट्रपती राजवट उठली आणि आठच्या सुमारास राजभवनात देवेंद्र फडणवीस यांनी मुख्यमंत्रिपदाची, तर अजित पवार यांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली. त्या सकाळी छापलेला मजकूर वाचता वाचता शिळा झाला, सात वाजून पाच मिनिटांच्या बातमीपत्राला पुढच्या तासात घडणारी घटना सांगता येणे शक्यच नव्हते, आणि आदल्या रात्री ध्वनिमुद्रित केलेला कोणताही पॉडकास्ट तर पूर्णपणे निरुपयोगी ठरला असता. घटना घडत असताना तिच्या मागे धावण्यासाठी पॉडकास्ट हे साधन नव्हे, हे ज्याला मान्य नसेल त्याने या वाटेला जाऊ नये.

पण पुढच्या चार दिवसांत चित्र पालटले. मंत्रिमंडळाची बैठक न होता राष्ट्रपती राजवट उठू शकते ती कशी, हा प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी होता. त्याचे उत्तर भारत सरकारच्या 1961 च्या कामकाज नियमांतल्या बाराव्या नियमात आहे. त्यानुसार पंतप्रधान आवश्यक वाटल्यास मंत्रिमंडळाच्या निर्णयाची वाट न पाहता मान्यता देऊ शकतात आणि मंत्रिमंडळाची संमती मागाहून घेता येते. सर्वोच्च न्यायालयाने 26 तारखेला, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंत बहुमत चाचणी घ्या, असा आदेश दिला. त्याच दिवशी फडणवीस आणि अजित पवार या दोघांनी राजीनामे दिले आणि 28 तारखेला उद्धव ठाकरे यांचा शपथविधी शिवाजी पार्कवर झाला. बातमीपत्राला या प्रत्येक टप्प्यासाठी दोनचार वाक्येच देता येतात. राज्यपालांचे अधिकार, पक्षांतरबंदी कायदा, गटनेत्याने दिलेल्या पत्राचे वजन या गोष्टी सुट्या करून सांगायला वीसपंचवीस मिनिटे आणि ते प्रकरण जवळून पाहिलेला बातमीदार लागतो. विषयवार पॉडकास्टचे खरे क्षेत्र हे आहे.

विषयवार पॉडकास्ट : कोणत्या भाषेत ऐकावे?

या प्रकारात इंग्रजीत भरपूर निवड आहे. इंडियन एक्सप्रेसचा ‘थ्री थिंग्ज’ एका भागात तीन विषय घेतो आणि त्या त्या विषयावर लिहिणाऱ्या बातमीदारांनाच बोलते करतो. न्यूयॉर्क टाइम्सचा 2017 साली सुरू झालेला ‘द डेली’ बहुतेक दिवशी एकच विषय धरतो; त्याची बांधणी उत्तम असली तरी जग तो अमेरिकेच्या खिडकीतून दाखवतो. बीबीसीचा ‘ग्लोबल न्यूज पॉडकास्ट’ आठवड्याच्या कामाच्या दिवशी दोनदा येतो आणि अर्ध्या तासात जगाची फेरी घडवतो, पण त्याचा पिंड बातमीपत्राचाच आहे. आंतरराष्ट्रीय घडामोडींसाठी रोज एकच कार्यक्रम ऐकायचा असेल, तर ‘द डेली’पेक्षा हा बरा, असे मी सांगेन.

मराठीत निवड कमी आहे, हे मान्य करावे लागते. बीबीसी मराठीची ‘गोष्ट दुनियेची’ ही मालिका जगातली एखादी घडामोड घेऊन तिची मुळे साध्या मराठीत समजावून देते. घरातल्या नववी-दहावीच्या मुलांसह ऐकण्यासाठी मी ती निःशंकपणे सुचवतो. पण मराठीतल्या बऱ्याच बातम्यांच्या पॉडकास्टमध्ये छापलेला लेखच वाचून दाखवलेला असतो, ही माझी तक्रार आहे. डोळ्यांसाठी लिहिलेले वाक्य कानाला पेलत नाही. क्रियापद येईपर्यंत कर्ता विसरला जातो. बातमीदाराला समोर बसवून ‘तुम्ही तिथे गेलात तेव्हा काय पाहिलेत?’ एवढे जरी विचारले, तरी त्याच माहितीत जीव येतो. नवा मराठी पॉडकास्ट निवडताना पहिली पाच मिनिटे ऐकावीत. कोणी आपल्याशी बोलत आहे की कोणी कागद वाचत आहे, हे तेवढ्यात कळते.

भाषेची निवड ही केवळ सोयीची बाब नाही. भाषेबरोबर उभे राहण्याची जागाही बदलते. डिसेंबर 2023 मध्ये केंद्र सरकारने कांद्याची निर्यात बंद केली, तेव्हा दिल्लीतून बोलणाऱ्याला ती ग्राहकाच्या पिशवीची बातमी वाटणे स्वाभाविक होते, आणि लासलगावच्या बाजार समितीत ट्रॅक्टर घेऊन उभ्या असलेल्या शेतकऱ्याला ती त्याच्या वर्षभराच्या हिशेबाची बातमी होती. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, पण इंग्रजी पॉडकास्टमध्ये दुसरी बाजू ऐकायला मिळेलच याची खात्री देता येत नाही. म्हणून केवळ इंग्रजीवर विसंबणाऱ्याने आठवड्यातून दोनतीनदा तरी प्रादेशिक बातमीपत्र ऐकावे, असा माझा आग्रह आहे.

संस्कृतीसाठी दीर्घ संवाद

3 ऑक्टोबर 2024 रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्याच दिवशी पाली, प्राकृत, असमिया आणि बंगाली या भाषांनाही तो मिळाला. बातमी एवढीच. मराठीच्या अभिजात दर्जासाठी नेमलेल्या रंगनाथ पठारे समितीने 2013 साली दिलेल्या अहवालात काय मांडणी होती, नाणेघाटातल्या प्राकृत शिलालेखाचा मराठीच्या वयाशी कसा संबंध जोडला जातो, आणि प्राकृत व मराठी या दोघींनाही एकाच दिवशी हा मान मिळण्यात कोणता पेच आहे, हे समजून घ्यायचे तर तासदोन तास अभ्यासकांच्या सहवासात काढायला हवेत. संस्कृतीच्या बाबतीत दीर्घ संवाद श्रेष्ठ ठरतो तो यामुळे. शिवाय तो शिळा होत नाही, सहा महिन्यांनी ऐकला तरी त्याचा कस टिकतो.

इथे मात्र मराठीची बाजू चांगलीच भक्कम आहे. ‘मित्रम्हणे’मधल्या नाट्य-चित्रपटसृष्टीतल्या कलावंतांच्या मुलाखती, ‘अमुक तमुक’मधल्या नातेसंबंध, मानसिक आरोग्य, खाद्यसंस्कृती अशा विषयांवरच्या गप्पा आणि राजकारण-अर्थकारणाकडे झुकणारी ‘थिंक बँक’ या तिन्हींत माणसे घाई न करता बोलतात. इंग्रजीत अमित वर्मा यांचा ‘द सीन अँड द अनसीन’ 2017 साली वीसेक मिनिटांच्या भागांनी सुरू झाला आणि आता त्याचा एकेक भाग कित्येक तासांचा असतो. डेक्कन क्वीनने जाऊन-येऊनही एखादा भाग उरतो. विल्यम डॅलरिंपल आणि अनिता आनंद यांचा ‘एम्पायर’ इतिहास कथेच्या ओघात सांगतो. बीबीसी रेडिओवर 1998 पासून चालत आलेल्या ‘इन अवर टाइम’मध्ये एका विषयावर तीन प्राध्यापक बोलतात, सम्राट अशोक, उपनिषदे, मुघल साम्राज्य यांवरचे भाग जुन्या संग्रहात आहेत. मोजक्या वेळात पक्का पाया हवा असेल तर ‘इन अवर टाइम’ घ्यावा, माणसाच्या जडणघडणीत रस असेल तर दीर्घ मुलाखती घ्याव्यात, आणि गोष्टीची ओढ असेल तर ‘एम्पायर’.

दीर्घ संवाद दीडपट वेगाने ऐकू नयेत, एवढी विनंती करावीशी वाटते. एका ज्येष्ठ नटाची मुलाखत मी घाईघाईने तशीच ऐकली. दौऱ्यावरच्या एका सहकाऱ्याच्या मृत्यूविषयी ते बोलत होते, आणि मला ते सगळे सपाट वाटले. लोणावळा गेल्यावर सहज वेग पूर्ववत केला, तोच भाग मागे नेऊन पुन्हा ऐकला, तेव्हा कळले की ‘मग आम्ही तिसरी घंटा दिली’ या वाक्याआधी ते बराच वेळ थांबले होते. वेग वाढवल्यावर ते थांबणेच आखडले गेले होते.

निवडीआधी तपासायच्या काही गोष्टी

मराठीतले पुष्कळ पॉडकास्ट मुळात यूट्यूबवरचे चित्रित कार्यक्रम आहेत. यूट्यूबची वर्गणी नसेल तर फोनचा पडदा बंद करताच आवाज थांबतो, आणि स्वयंपाक करताना किंवा चालताना ऐकण्याचा हेतूच बाजूला पडतो. आवडलेला कार्यक्रम स्पॉटिफाय किंवा अन्य ॲपवर केवळ श्राव्य रूपात आहे का, हे आधी पाहावे. प्रवासात ऐकणाऱ्याने घरातून निघण्यापूर्वीच भाग फोनवर उतरवून ठेवावेत; बोरघाटातल्या बोगद्यांत नेटवर्क टिकत नाही.

उतरवून ठेवण्याचा एक तोटा मात्र मला सोसावा लागला आहे. एका पॉडकास्टमध्ये न्यायालयीन सुनावणीची तारीख चुकीची सांगितली गेली. निर्मात्यांनी नंतर ती दुरुस्त केली, पण माझ्या फोनमध्ये जुनाच भाग होता आणि मी ती चुकीची तारीख एका सहकाऱ्याला छातीठोकपणे सांगून बसलो. तारीख, आकडा किंवा कायद्याचे कलम पॉडकास्टवरून उद्धृत करण्याआधी लिखित बातमी पाहण्याची सवय मला तेव्हापासून लागली.

पैशाचे म्हणाल, तर इथे सांगितलेले बहुतेक कार्यक्रम विनामूल्य ऐकता येतात. ‘द डेली’चे जुने भाग आता वर्गणीदारांपुरते राखलेले आहेत, आणि न्यूजलाँड्री या वृत्तसंकेतस्थळाच्या ‘हफ्ता’ या साप्ताहिक चर्चेचा पूर्ण भाग वर्गणी भरूनच मिळतो. जाहिरातदाराऐवजी श्रोत्याच्या पैशावर चालणारी पत्रकारिता टिकावी असे वाटत असेल, तर अशी एखादी वर्गणी भरणे योग्यच आहे.

ज्याच्याकडे दिवसाला अर्धा तासच आहे, त्याने प्रादेशिक बातमीपत्र आणि एक विषयवार पॉडकास्ट यांवर थांबावे. दीर्घ संवाद रविवारसाठी ठेवावा. निवृत्त झालेल्या आणि निवांत वेळ असलेल्यांनी उलट क्रम धरावा : आधी मुलाखती, मग बातम्या. परदेशात मुलांच्या कानावर मराठी पडावी म्हणून धडपडणाऱ्या आईवडिलांनी बातम्यांपेक्षा ‘मित्रम्हणे’सारख्या गप्पा लावाव्यात, कारण बोलीचे चढउतार, मध्येच तोडलेली वाक्ये आणि हसणे हे त्यांतच ऐकू येते. माझ्यापुरते सांगायचे तर सकाळचा प्रवास मी बातम्यांना देतो. संध्याकाळी पाच वाजून दहा मिनिटांनी परतीची डेक्कन क्वीन सुटली की एखादी मुलाखत लावतो, आणि ती अर्धवट राहिली तर पुढच्या खेपेला तिथूनच सुरू करतो.