जिताड्याची नवी पिल्लं गोळी खात नाहीत तेव्हा: सांगलीतल्या घरच्या टाकीचा नऊ महिन्यांचा अनुभव

मासे आणि भाजी एकाच पाण्यावर वाढवायच्या (अ‍ॅक्वापोनिक्स) टाकीत जिताडा हा मासा आणला, की त्याची नवी पिल्लं गोळी, म्हणजे तयार दाणेदार खाद्य, सहसा खात नाहीत. त्यावर आम्ही काय केलं ते इथे लिहितो. आधी मांडणी सांगतो, म्हणजे पुढचे आकडे कशाला लागू आहेत ते कळेल. हजार लिटरची आयबीसी टाकी (लोखंडी जाळीच्या चौकटीतली चौकोनी प्लॅस्टिक टाकी) वरून फूटभर कापून तोच भाग उलटा भाजीसाठी खडीचा वाफा म्हणून वर बसवलेला, जोडीला दोन अर्धे ड्रम. खाली माशांसाठी साधारण ७०० लिटर पाणी. तासाला २००० लिटरचा पंप, हवेचा वेगळा पंप आणि दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे दगड), वर हिरवी शेडनेट. आधी वर्षभर यात रोहू होते, त्यामुळे माशांच्या घाणीतला अमोनिया पचवणारे खडीतले जिवाणू तयार होते. मार्चच्या सुरुवातीला ७ ते ८ सेंटीमीटरची ३० पिल्लं सोडली. आज डिसेंबरात २२ आहेत.

नवी टाकी, नवी खडी आणि त्यात थेट जिताडा असं करू नका. अमोनिया आणि त्यापासून बनणारं नायट्राइट दोन्ही शून्यावर यायला चार ते सहा आठवडे लागतात, आणि उपाशी, बिथरलेल्या पिल्लाला तेवढं थांबता येत नाही.

जिताडा म्हणजेच बारामुंडी. कोकणात, विशेषतः अलिबाग-पेण भागात तो तळ्यांत पूर्वापार वाढवतात, पण तिथलं बीज (लहान पिल्लं) बरंचसं खाडीतून आलेलं असतं आणि जिवंत खाद्यावर वाढलेलं असतं. घरच्या टाकीसाठी हॅचरीचंच, म्हणजे मत्स्यबीज केंद्राचंच, बीज घ्या. चेन्नईच्या ‘सीबा’ या केंद्रीय संस्थेने १९९७ मध्ये देशात पहिल्यांदा जिताड्याचं प्रजनन यशस्वी केलं, तेव्हापासून हे बीज मिळू लागलं. विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा: पिल्लं किती खारट पाण्यात आहेत, किती मिलिमीटरची गोळी खातात, आणि शेवटचं खाद्य कधी दिलं. ‘गोळी खातात’ एवढ्या शब्दावर जाऊ नका, खातानाचा व्हिडिओ मागा. आमच्याकडे ‘गोळीवर आलेली’ म्हणून आलेली पिल्लं प्रत्यक्षात कोळंबीच्या किसावरच होती.

पिशवी उघडण्याची वेळ सगळ्यात नाजूक, आणि बहुतेक जण इथेच चुकतात. १२-१५ तासांच्या प्रवासात पिशवीत कार्बन डायऑक्साइड साठून पीएच खाली आलेला असतो. त्यामुळे साठलेला अमोनिया कमी विषारी रूपात असतो. पिशवी उघडून वारा लागला, टाकीचं पाणी मिसळलं, की पीएच वर जातो आणि तोच अमोनिया जहाल होतो. म्हणून तासभर थोडंथोडं पाणी घालत बसू नये. बंद पिशवी १५-२० मिनिटं पाण्यावर तरंगवून तापमान जुळवा, मग उघडून पिल्लं जाळीने लगेच काढून घ्या आणि पिशवीतलं पाणी फेकून द्या.

काढलेली पिल्लं थेट मोठ्या टाकीत नकोत. २०० लिटरचा ड्रम, हवा, वाफ्यातली खडी भरलेली एक जाळीची पिशवी आणि १ किलो खडे मीठ, म्हणजे लिटरला ५ ग्रॅम. विक्रेत्याकडचं पाणी याहून फार खारट असेल, तर सुरुवात त्याच्या जवळपासच्या खारटपणावर करा. रोज ५० लिटर काढून बिनमिठाचं पाणी भरलं की पाच दिवसांत मीठ लिटरला सव्वा ग्रॅमच्या आसपास येतं. नळाचं पाणी असेल तर आदल्या दिवशी भरून हवा लावून ठेवा, क्लोरीन जायला हवं. मिठामुळे पिल्लांवरचा ताण कमी होतो आणि त्यातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. मोठ्या टाकीत आम्ही मीठ लिटरला १ ग्रॅमच ठेवलं. पालक आणि चाकवताला त्याचा काहीच त्रास नाही, घेवडा मात्र कडेने करपला.

आता खाण्याचं. पहिले २४ तास काहीही टाकू नका. ड्रमच्या तीन बाजूंना गोणपाट बांधा, वर जाळी घट्ट बसवा (उड्या मारतात), आणि रात्री अचानक दिवा लावू नका. एकदम उजेड पडला की ती भिंतीवर आदळतात आणि पुढचा दिवस खात नाहीत.

घाबरलेलं पिल्लू ओळखायला सोपं आहे: अंग काळपट पडतं, कोपऱ्यात खाली तोंड करून थांबतं. स्थिरावलं की रंग चंदेरी होतो आणि ते प्रवाहाकडे तोंड करून मधल्या थरात उभं राहतं. हा बदल दिसेपर्यंत खाद्याचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ७-८ सेंटीमीटरचं निरोगी पिल्लू पाच-सहा दिवस उपाशी राहिलं तरी मरत नाही. मरतं ते ‘खाईल, खाईल’ म्हणून टाकत राहिलेल्या गोळ्यांनी पाणी सडल्यावर. दोन-तीन सेंटीमीटरच्या पिल्लांचं मात्र असं नाही, ती उपाशी ठेवता येत नाहीत आणि लगेच एकमेकांना खातात. घरगुती टाकीला तेवढं लहान बीज घेऊच नये.

जिताडा हलत्या गोष्टीवर झडप घालतो. तळाला पडलेल्या गोळीकडे तो सहसा वळत नाही, आणि स्थिर पाण्यावर निपचित तरंगणारी गोळी नव्या पिल्लाला खाद्य वाटतच नाही. म्हणून पंपाचा परतीचा पाइप कडेला तिरका लावून पाणी सावकाश गोल फिरत ठेवा आणि बाहेर जाणाऱ्या तोंडाला जाळी लावा. खाद्य प्रवाहात, एका वेळी चार-पाच दाणे, रोज त्याच जागी, त्याच वेळी. उत्तम वेळ दिवेलागणीची आणि पहाट फुटतानाची. मूठभर एकदम टाकलं की पिल्लं खाली पळतात.

गोळीवर आणायला आम्ही हे केलं. सोललेली कोळंबी मिक्सरमधून काढली, त्यात गोळीची पूड, बांधायला कोमट पाण्यात विरघळवलेलं जिलेटिन. हे मिश्रण शेवेच्या सोऱ्यातून ताटात पाडून फ्रीझरमध्ये घट्ट केलं आणि कात्रीने ४-५ मिलिमीटरचे तुकडे केले. प्रवाहात सोडलेला असा तुकडा वळवळल्यासारखा दिसतो. पहिले तीन दिवस चार भाग कोळंबी, एक भाग पूड. पुढचे तीन दिवस निम्मं-निम्मं. मग एक भाग कोळंबी, चार भाग पूड. आठव्या-नवव्या दिवशी अख्खी गोळी, कोळंबीच्या पाण्यात दोन-तीन मिनिटं भिजवून. दहाव्या दिवशी ३० पैकी २४ कोरडी गोळी उचलत होती. उरलेल्या सहांपैकी चार आठवडाभरात आली, दोन कधीच आली नाहीत आणि गेली. गोळी तोंडात घेऊन थुंकत असतील तर ती मोठी किंवा फार कडक आहे, एक माप खाली या.

गांडूळखताच्या वाफ्यातलं बारीक गांडूळ धुऊन तुकडे करून दिलं तर अगदी अडलेलं पिल्लूही तोंड उघडतं, पण त्यावर दोन दिवसांपेक्षा जास्त राहू नका, सवय लागते. ओढ्यातले बारीक मासे आणून टाकणं तर नकोच, त्यांच्याबरोबर परजीवी येतात.

प्रमाण: ३० पिल्लं सुमारे ६ ग्रॅमची, म्हणजे एकूण १८० ग्रॅम वजन. शिकवण्याच्या काळात दिवसाला त्याच्या ३ टक्के, म्हणजे साडेपाच ग्रॅम, तेही तीन-चार वेळांत विभागून. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा वापरा, चमच्याने अंदाज चुकतो. सगळी खायला लागली की ६ टक्क्यांपर्यंत वाढवा. दहा मिनिटांत जे उरेल ते जाळीने काढायचं, याला अपवाद नाही.

खाद्य तरंगणारं, ४२ ते ४५ टक्के प्रथिनांचं, सुरुवातीला दीड-दोन मिलिमीटरचं. कटला-रोहूचं स्वस्त खाद्य कमी प्रथिनांचं असतं. त्यावर जिताडा जगतो, पण लांब आणि चपटा राहतो. आपल्या भागात चांगलं खाद्य २०-२५ किलोच्या पोत्यातच मिळतं, ही खरी अडचण. तिघा-चौघांत वाटून घ्या, हवाबंद डब्यात फ्रिजमध्ये ठेवा. खाद्यातल्या तेलाला खवट वास आला तर खाद्य फेकून द्या.

खायला लागली की काम संपलं असं वाटतं, पण मोजणी कमी व्हायला लागते ती तेव्हाच. जी पिल्लं आधी शिकतात ती दहा दिवसांत उरलेल्यांच्या दीडपट होतात, आणि जिताडा स्वतःच्या लांबीच्या साठ-पासष्ट टक्के एवढा भाऊ सहज गिळतो. मेलेलं पिल्लू दिसत नाही, फक्त संख्या घटते. कधी शेपूट तोंडाबाहेर अडकून दोन्ही मरतात. १२-१५ सेंटीमीटर होईपर्यंत दर आठवड्याला निवड करा. भाजीचा प्लॅस्टिक क्रेट टाकीत तरंगवून मोठी तीन-चार त्यात वेगळी ठेवली तरी पुरतं. आमची सहा पिल्लं निवडीत केलेल्या एका आठवड्याच्या आळसाने गेली.

उन्हाळ्यात पाणी ३३ अंशांवर गेलं की खाणं घटतं, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. शेडनेट दुहेरी केली, हवा वाढवली, भागलं. थंडी मात्र कठीण. २८ ते ३० अंशांना जिताडा तुटून पडतो, २४ च्या खाली मंदावतो, २० च्या खाली तोंड बंदच. सांगलीत डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे हवा १३-१४ अंशांवर येते आणि खडीचा वाफा टाकीची ऊब रात्रभर बाहेर टाकत राहतो. म्हणून रात्री वाफ्याचा पंप टायमरवर तासाला १५ मिनिटंच, हवेचा पंप मात्र अखंड. टाकीला दोन इंची थर्माकोल आणि झाकण. ७०० लिटर पाणी १ अंशाने तापवायला साधारण पाऊण युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. रात्रीत ४ अंश गमावले तर रोजचे सव्वातीन युनिट, हा हिशेब आधी करा. साताऱ्याकडे, वाई-महाबळेश्वरच्या बाजूला, हा खर्च आणखी वाढेल. नोव्हेंबरात पिल्लं आणून ‘खात नाहीत’ म्हणणाऱ्यांनी आधी थर्मामीटर पाहावा.

नऊ महिन्यांत बहुतेक मासे ३०० ते ३५० ग्रॅमचे झाले. पहिल्यांदाच अ‍ॅक्वापोनिक्स करणाऱ्याने रोहूवर हात बसवावा, रोज दोन वेळा टाकीशी थांबायची तयारी असेल तरच जिताडा आणावा. हवेच्या पंपाला बॅटरीची सोय मात्र पहिल्या दिवसापासून हवी.

तासगाव-मिरज पट्ट्यातल्यांसाठी एक खास गोष्ट. ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षबागांत फवारण्या सुरू होतात. कीटकनाशकांतली पायरेथ्रॉइड अगदी थोडी उडून आली तरी माशांना पुरते, आणि बोर्डो मिश्रणातलं (मोरचूद-चुन्याचं बुरशीनाशक) तांबंही. शेजारच्या बागेत ब्लोअर चालू झाला की टाकीवर ताडपत्री ओढा, आणि बोर्डो कालवलेली बादली कितीही धुतली तरी टाकीजवळ आणू नका.