महालक्ष्म्यांचा स्वयंपाक: आचाऱ्याकडून की घरीच?

आमच्या विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. अनुराधा नक्षत्रावर येतात, ज्येष्ठावर जेवतात, मुळावर निघतात. जेवणाच्या दिवशी पुरणपोळी, ज्वारीची आंबील, सोळा भाज्या, शिवाय महालक्ष्म्यांच्या वर टांगायचा फुलोरा, म्हणजे करंज्या-पापड्यांसारखे तळलेले पदार्थ. एवढं करायचं कुणी, हा प्रश्न आता खेड्यातही पडतो.

आचाऱ्याला सांगितलं की पोळ्या एकसारख्या येतात, पंगत वेळेवर बसते. घरात हात कमी असतील तर खुशाल तेच करावं.

पण चार जावा जमणार असतील, तर मी घरचाच स्वयंपाक म्हणेन. गेल्या वर्षी आमचं पुरण सैल झालं. पोळी लाटताना फाटायची, पुरण तव्यावर सांडून करपायचं. नवी सून रडवेली झाली. मोठ्या आईनं फाटलेल्या जागी कणकेचं ठिगळ लावलं अन् म्हणाली, "राहू दे वं माय, महालक्ष्मी काय पोळी उलटून पाह्यते?" सून हसली, मग अख्खं स्वयंपाकघर हसत सुटलं. पुरण पुन्हा चुलीवर आटवलं. पंगत उशिरा बसली, आणि ती ठिगळाची पोळी सुनेनं स्वतःच्या पानात मागून घेतली.